श्वास धर, मामा

श्वास घ्या. धरा. सोडा. सोळा वर्षं मी हेच तीन शब्द बोलत आले आहे. समोरचा पेशंट बैलहोंगल, सौंदत्तीकडचा असला की तेच कन्नडात: उसिर तगोरि, हिडकोरि, बिडरि. खानापूर, चंदगडकडचा असला की मराठीत. निपाणीच्या माणसाला दोन्ही चालतं. बेळगावातल्या एका रुग्णालयात मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. काचेच्या अलीकडे मी आणि माझा माइक, पलीकडे बोगद्यात आडवा झालेला माणूस. एकदा त्या बोगद्यात माझा मामा होता. त्या दिवसाबद्दल आणि त्याच्या आधी वाया गेलेल्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मामा जांबोटीकडचा. भात, थोडा काजू, दोन म्हशी. तेव्हा वय त्रेसष्ट. दोन वर्षांपूर्वी गणपतीला मी गावी गेले. रात्री जेवताना काहीच जाणवलं नाही, मामा थोडा वाळल्यासारखा वाटला एवढंच. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसत नाही. सकाळी अंगणात तो दूर्वा निवडत बसला होता, त्याने वर बघितलं आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा झाला होता.

"कावीळच हाय बाय, उतरंल," मामा म्हणाला. "औषध चाललंय की."

औषध तीन आठवडे चाललं होतं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या गावात नाकात थेंब घालून घेतले होते. नाकातून पिवळं पाणी गळलं, म्हणजे कावीळ बाहेर पडली असं सगळ्यांना वाटलं. मग कुणीतरी मुळ्यांच्या तुकड्यांची माळ गळ्यात बांधली. माळ जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. मुळ्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होतात, माळ लोंबते. मामाची माळ छातीपर्यंत आली होती आणि डोळे आणखी पिवळे झाले होते. मध्ये एका डॉक्टरांनी दोन दिवस सलाइन लावून लिव्हरच्या गोळ्या दिल्या होत्या. तोपर्यंत पोटाचा फोटो मात्र कुणीच काढला नव्हता.

या औषधांवर लोकांचा विश्वास का बसतो, ते मला कळतं. आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्याने होते, यकृताला सूज येते आणि विश्रांती घेतली की बहुतेक वेळा ती आपली आपण ओसरते. त्या दिवसांत गळ्यात माळ असली तर श्रेय माळेला जातं. आमच्या आजीची कावीळ अशीच "उतरली" होती. पण काविळीचा आणखी एक प्रकार असतो. त्यात यकृत पित्त नीट बनवत असतं, फक्त ते पुढे जायची वाट बंद झालेली असते. अशी कावीळ थांबून राहिल्याने बरी होत नाही.

मी मामीला मागच्या दारी नेऊन विचारलं, शौचाचा रंग कसा आहे? भाचीने मामाला असं विचारायचं आमच्या घरात जमणारं नाही. मामी जरा थांबली, मग म्हणाली, "राखंसारखा. लघवी मात्र कोऱ्या चहासारखी. आणि रातभर आंग खाजवत बसतंय माणूस."

ऐकल्याबरोबर पोटात खड्डा पडला. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते बारीक बारीक नळ्यांतून एका मोठ्या नळीत येतं आणि जठराच्या पुढे आतड्यात उतरतं. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो या पित्तातूनच येतो. पाट तुंबला की पाणी बांधावरून रानात पसरतं, तसं पित्त रक्तात उलटतं. आतड्यात पोचत नाही म्हणून शौच फिकट, मूत्रपिंडातून बाहेर पडतं म्हणून लघवी गडद, आणि अंगाला खाज. हे नवं ज्ञानही नव्हे. आयुर्वेदात मार्ग अडलेल्या काविळीचं लक्षण म्हणून तिळाच्या वाटणासारखा मल सांगितलेला आहे. शहापुरातले एक वैद्य असे पेशंट स्वतः सोनोग्राफीला पाठवतात, चिठ्ठीवर फक्त "मार्गावरोध?" एवढं लिहून. कन्नडात काविळीला अरिशिण कामाले म्हणतात, हळदीची कामाले. नावात फक्त रंग आहे, आणि रंगाकडे आपण सगळे बघतो. मी मात्र तेव्हापासून नात्यात कुणालाही कावीळ झाली की आधी शौचाचा रंग विचारते, लाज न बाळगता.

दीड दिवसाचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या सकाळी मामाला उपाशीपोटी घेऊन बेळगावला आले. उपाशी आणायचं कारण साधं आहे. जेवलं की पित्ताची पिशवी आकसते आणि नीट दिसत नाही, शिवाय आतड्यात वायू वाढतो. मामी सोनोग्राफीच्या दारात अडखळली. आत गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी बघून म्हणाली, "ही बायकांची मशीन नव्हे काय?" तिला सांगितलं की हे आवाजाचं यंत्र आहे, कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, परततो, त्याचं चित्र होतं. किरणं नाहीत, सुई नाही. काविळीच्या माणसाला पहिला फोटो हाच.

डॉक्टरांनी मामाच्या उजव्या बरगडीखाली प्रोब टेकवला आणि पाच मिनिटांत अर्धं उत्तर पडद्यावर आलं. यकृतात शिरेशेजारी पित्ताची नळी इतकी बारीक असते की एरवी नजरेत भरत नाही. ती फुगली की दोन काळी तोंडं शेजारी शेजारी दिसतात, दुनळी बंदुकीसारखी. कलर डॉपलर लावला की एका तोंडात रंग भरतो, तिथे रक्त वाहतंय. दुसरं काळंच राहतं, ते पित्त. बाहेरची मोठी नळी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असावी, म्हातारपणी किंवा पित्ताशय काढलेलं असलं तर थोडी जास्त. मामाची पंधरा होती. म्हणजे अडथळा नक्की, आणि खालच्या बाजूला.

पित्ताची पिशवीही तट्ट फुगलेली होती. आत एकही खडा नाही, आणि मामाला पोटात दुखत नव्हतं. हे न दुखणंच मला भिववत होतं. कुर्व्हाझिए नावाच्या स्विस सर्जनने १८९० मध्ये नोंदवून ठेवलंय की खड्यांनी त्रासलेली पिशवी वारंवार सुजून आकसलेली असते, ती सहसा फुगत नाही. कावीळ आहे, पिशवी फुगलीय आणि दुखत नाही, अशा वेळी खड्यापेक्षा गाठीची शंका आधी घ्यावी. अपवाद असतात. मी मनातल्या मनात त्या अपवादांनाच धरून बसले होते.

रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमुळे दिसलं नाही. ही ओळ जवळजवळ प्रत्येक अशा रिपोर्टात असते आणि घरचे लोक ती वाचून "खाली काही नाही म्हणे" असं समजतात. मामाच्या मुलाचाही तोच समज झाला. त्या टोकापाशी स्वादुपिंड असतं, पुढ्यात वायूने भरलेलं आतडं असतं, आणि सोनोग्राफीचा आवाज वायूच्या पार जात नाही. खड्यांपैकी बरेच तिथेच अडकतात, गाठीही तिथेच होतात. नळी फुगली आहे का, हे सोनोग्राफी फार चांगलं सांगते. कशाने फुगली, हे तिला दर वेळी सांगता येत नाही.

पुढचा प्रसंग सांगताना मला अजून राग येतो. रक्ताचा रिपोर्ट आला, बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, सतरा. नीट माणसाचं एक-सव्वाच्या आत असतं. तो आकडा बघून एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, उद्याच तोंडातून दुर्बीण घालून अडलेल्या जागी पित्त वाहायला कृत्रिम नळी टाकू, कावीळ उतरू दे, बाकीचं नंतर बघू. घरचे तयार झाले. सतरा आकडा ऐकल्यावर कोण तयार होणार नाही? आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, ताप आहे का? थंडी वाजून येते का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग आधी सीटी, मग एमआरसीपी, मग नळी. एमआरसीपी म्हणजे एमआरआयवर काढलेला पित्ताच्या नळ्यांचा फोटो.

कारण असं. दुर्बीण तिथे पोचली, तारा-नळ्या फिरल्या की आजूबाजूला सूज येते, कधी कधी स्वादुपिंडही सुजतं. त्यानंतर काढलेल्या फोटोत सूज कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते ते धूसर होतं. धातूची नळी असली तर सीटीत तिचे चरे पडतात. नळीबरोबर हवा आत जाते, ती एमआरआयमध्ये खड्यासारखी काळी दिसते. नेमकं बघायला हवं तेच झाकलं जातं. मात्र कावीळ, ताप आणि पोटदुखी एकत्र आली, अंगात हुडहुडी भरली, तर कोंडलेल्या पित्तात पू होऊ लागल्याची शंका घ्यायची असते. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्ये सांगितलेली हीच ती तीन लक्षणं. तेव्हा पित्त बाहेर काढायची घाई करावी लागते, चांगल्या फोटोसाठी थांबायचं नसतं. मामाला तसलं काही नव्हतं. आमच्याकडे दोन दिवस होते आणि मी ते भांडून मिळवले. मामेभाऊ माझ्याशी त्या रात्री बोलला नाही.

सीटीला शिरेतून फोटोत उजळून दिसणारं औषध देतात, अंगभर गरम लाट गेल्यासारखं वाटतं. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते बघतात, कारण ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. स्वादुपिंडासाठी फोटो दोनदा घेतात. एकदा औषध धमन्यांतून स्वादुपिंडात भरतं तेव्हा, साधारण चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी, आणि एकदा यकृताच्या शिरांत उतरल्यावर, सत्तरच्या आसपास. खड्यांच्या बाबतीत सीटी फसवी आहे. कोलेस्टेरॉलचे बरेच खडे पित्ताच्याच रंगाचे दिसतात आणि त्यात मिसळून जातात. पण गाठ असली तर ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगलीय का, यकृतात काही उडालंय का, सर्जनला ती काढता येईल का, हे सीटीइतकं चांगलं क्वचित कशात कळतं. मामाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. यकृत स्वच्छ होतं. गाठ मात्र स्पष्ट दिसली नाही.

म्हणून तो माझ्या खोलीत आला.

त्या सकाळी मामाच्या आधी बैलहोंगलच्या एक आजी होत्या. त्यांनाही कावीळच, पण कळा येऊन झालेली. एमआरसीपीत पांढऱ्या नळीत तीन काळे गोल ठिपके, एकाखाली एक, मण्यांसारखे. खडे. पाचएक मिलिमीटरपेक्षा लहान खडे एमआरसीपीतही सुटतात, मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड लागतो, दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते आणि ती नळीला जवळजवळ चिकटून बघते. आजींना त्याची गरज पडली नाही. नळीचं तोंड दुर्बिणीतून थोडं कापून खडे ओढून काढतात, ही युक्ती १९७४ पासूनची, जर्मनी आणि जपानमध्ये एकाच सुमारास सुरू झालेली. तिसऱ्या दिवशी त्या आजी कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसून इडली खाताना मला दिसल्या होत्या.

मामाला आत घेण्याआधी अंगावरचा धातू काढायचा होता. करदोडा निघाला. गळ्यातली माळ काढायला मामी तयार होईना, कारण माळेत मध्ये तांब्याचा ताईत ओवलेला. "उतरायच्या आधी काढली तर उलटतंय," म्हणाली. मी तिच्याशी वाद घातला नाही. माळ माझ्या ओंजळीत घेतली, तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हटलं, मामा बाहेर येईपर्यंत तू धरून बस. ती बसली, दोन्ही हात मिटून, अर्धा तास.

पोटावर श्वासाचा पट्टा बांधला, कानात बोळे, हातात दाबायचा फुगा. मामा म्हणाला, "हितं तूच हाईस नव्हं?" मी म्हटलं, काचेच्या पलीकडे मीच आहे.

एमआरसीपीबद्दल मला या कामातलं सगळ्यात जास्त अप्रूप आहे. यात पित्त दिसावं म्हणून काही टोचत नाहीत. शरीर चुंबकात गेलं की आतल्या पाण्याला रेडिओलहरीने हलवतात आणि ते जो प्रतिसाद देतं तो ऐकतात. यकृताचा, मांसाचा प्रतिसाद लवकर विझतो. साचलेल्या पाण्याचा बराच वेळ टिकतो. म्हणून यंत्र मुद्दाम उशिरा ऐकतं. तोपर्यंत बाकी सगळं गप्प झालेलं असतं आणि फक्त पाणी बोलत असतं. वाहतं रक्त काळं पडतं, थांबलेलं पित्त चकाकतं, आणि काळ्या पडद्यावर पांढरं झाड उभं राहतं, फांद्या यकृतात, बुंधा खाली. जठरातलं पाणीही चकाकून मध्ये येऊ नये म्हणून काही ठिकाणी आधी अननसाचा रस देतात, त्यातल्या मँगनीजमुळे ते पाणी काळं पडतं. ही पद्धत १९९१ मध्ये जर्मनीतून पहिल्यांदा मांडली गेली. त्याआधी हे झाड नीट बघायचं तर मुख्य वाटा दोन होत्या. एक म्हणजे बरगड्यांमधून यकृतात सुई घालून औषध सोडायचं, जपानच्या चिबा विद्यापीठात त्यासाठी बारीक सुई निघाली, तिला आजही चिबा सुईच म्हणतात. दुसरी, तोंडातून दुर्बीण घालून खालून औषध भरायचं, ते १९६८ पासून. दोन्ही वाटा आजही आहेत, पण आता मुख्यतः अडलेलं मोकळं करायला. नुसतं बघायला नाही, कारण दुर्बिणीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा आहे.

माइक दाबला. सोळा वर्षं मी सगळ्यांना "घ्या, धरा, सोडा" म्हणते. त्या दिवशी तोंडातून आलं, "मामा, श्वास घे. धर. धरून ठेव."

मामाने धरला. पट्ट्याची रेघ पडद्यावर सपाट झाली, जराही हलली नाही. आयुष्यभर विहिरीत उड्या मारलेला माणूस तो, मला पोहायला त्यानेच शिकवलं, भोपळा बांधून. पाण्यात डोकं घालायला मी घाबरायची तेव्हा काठावरून तो हेच ओरडायचा, श्वास धर, सोडू नकोस. अठरा सेकंद. त्यातच चित्र आलं.

झाड मोठं होतं. फांद्या जाडजूड, बुंधा फुगलेला. आणि बुंध्याशेजारी आडवी आणखी एक पांढरी नळी, स्वादुपिंडाची. तीही फुगलेली. दोन्ही नळ्या खाली जवळ येत होत्या आणि आतड्याच्या तोंडाशी, एकाच जागी, कापल्यासारख्या थांबत होत्या. आत काळा ठिपका नाही, गोल खडा नाही. दोन पाट एकाच बांधाशी येऊन अडले होते.

असे फोटो मी शेकडो बघितले आहेत. निदान करणं माझं काम नाही, रिपोर्ट डॉक्टर देतात. पण एवढ्या वर्षांत डोळ्यांना ओळख होतेच. माझा हात माइकच्या बटणावर होता आणि पलीकडे मामा श्वास धरून पडला होता, मी सोड म्हणायची वाट बघत. मी वेळेवर म्हणाले की उशिरा, मला आठवत नाही. त्याने नंतर सांगितलं, "शेवटाला लई येळ धराय लावलीस."

पुढचा मोठा सिक्वेन्स, म्हणजे फोटोंची एक फेरी, श्वासाबरोबर चालतो, पाच-सहा मिनिटं. त्यात काही बोलावं लागत नाही. तेवढं बरं झालं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "दिसलं काय?"

"फोटो छान आलेत मामा," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. तो इतका स्थिर राहिला होता की नळीची कडा न् कडा मोजता येत होती. मामीने ओंजळ उघडली आणि माळ परत त्याच्या गळ्यात घातली. मी अडवलं नाही.

मॅडमनी संध्याकाळी रिपोर्ट लिहिला: नळ्यांच्या तोंडाशी, आतड्यात उघडतात तिथे, लहान गाठीची शक्यता. मग दुर्बीण. तिथे तोंडाजवळची मांसाची लहानशी वाढ डोळ्यांनी दिसली, तुकडा तपासायला घेतला आणि त्याच बैठकीत प्लास्टिकची नळी टाकली. आता टाकायला हरकत नव्हती, बघायचं ते बघून झालं होतं. पित्त न पोचल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी त्याची इंजेक्शनं झाली होती. तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचा आला. या जागची गाठ स्वादुपिंडाच्या गाठीपेक्षा बरी, कारण ती अगदी तोंडाशी असते आणि लवकर नळी अडवून कावीळ आणते, म्हणजे वेळेत सापडायची संधी देते. ही संधी तीन आठवडे गळ्यात माळ होऊन लोंबत होती, हे माझ्या मनातून जात नाही. मामीवर राग नाही. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा "मामाला जरा कावीळ झालीय" ऐकून "पथ्य पाळा" म्हणाले आणि ठेवला. रोज पित्ताच्या नळ्या बघणारी मी.

महिनाभर थांबून बिलिरुबिन उतरल्यावर मोठं ऑपरेशन झालं, व्हिपल म्हणतात ते. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनळीचं टोक आणि लगतचं आतडं काढून बाकीचं पुन्हा जोडतात. सर्जननी आधी सीटी आणि एमआरसीपी दोन्ही लावून अर्धा तास बघितले. मला म्हणाले, नळी टाकायच्या आधीचे आहेत ना, म्हणून कडा स्वच्छ आहेत. मी ते मामेभावाला सांगितलं नाही. मॅडमनीच सांगितलं असावं, कारण त्या रात्री त्याने माझ्यासाठी चहा आणला आणि शेजारी बसून राहिला.

मामा आता थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातो. दर जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल. म्हशी विकल्या, काजू आहे. सहा महिन्यांनी सीटीला येतो तेव्हा आमच्याकडे उतरतो.

यंदा गणपतीला गेले तेव्हा त्याने माडीवरची पत्र्याची पेटी काढली. जमिनीचे उतारे, मोजणीचा नकाशा, आणि त्यांच्यामध्ये घडी न पडता जपलेली एमआरसीपीची फिल्म. अंगणात उजेडाकडे धरून नातवाला दाखवत होता. "ह्यो पाट, ह्यो दुसरा पाट. आणि हितं तुंबलेलं." बोट अगदी बरोबर जागेवर होतं. नातवाने विचारलं, आणि हे काढताना आजोबा तुम्ही काय करत होता?

"श्वास धरून पडलो होतो," मामा म्हणाला. "ही सोड म्हणेपर्यंत."